देवमासा डावीकडे होता

९ जून. अलास्का, जहाजावर.
ताईने आज पुन्हा केलं. नाश्त्याला पुण्याचं एक जोडपं भेटलं. नाव विचारायच्या आत ही सुरू, "ही माझी धाकटी. बाप वारला, मी लूमवर सुताच्या कांड्या भरल्या अन् हिला मास्तरीण केली. न्हायतर धुणीभांडी करीत असती." ते दोघं माझ्याकडे कौतुकाने बघतायत. तीस वर्षं शाळा केली, रिटायर झाले, माझ्या लेकीने, पल्लवीने, दोघींची तिकिटं काढली. तरी मी हिच्या कांड्यांचीच.
सगळं खरं आहे. म्हणून तर.

१० जून.
लख्ख ऊन. पाणी इस्त्री केल्यासारखं. कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, दोघींत एक. ताई पुढे, लाइफ जॅकेटमध्ये फुगून बसलेली. वल्हं मारणारी मी.
"देवमासा आला की सांग हां, उजू. मला धुरकट दिसतं. तेवढ्यासाठीच आले मी." भिवंडी सोडल्यापासून हेच.
बाकीचे गाइडमागोमाग खडकापलीकडे गेले. आणि डावीकडे पाठ वर आली. काळी, ओली, वर पांढरे ओरखडे. मग शेपूट. एवढं मोठं, आणि इतकं सावकाश...
ताईचं तोंड उजवीकडे.
"कसला आवाज गं?"
"लाँचचा."
"मासा न्हाय ना?"
"नाही."
चुकून नाही गेलं तोंडातून. ठरवून म्हटलं. नंतर वल्हं फार हलकं वाटलं.
ताई जेवली नाही. तिच्या गुडघ्यांना मी तेल लावून दिलं. वाईट वाटायला हवं होतं.

१८ जून. टेमघर, भिवंडी. घरी.
बुद्धविहारात बायकांनी ताईला घेरलं. "आक्का, मासा पाह्यला का?"
मी तोंड उघडणार, तर ताईच, "पाह्यला की! डाव्या अंगाला व्हता. काळी पाठ, तिच्यावर पांढरं पांढरं, मांजरानं बोचकारल्यागत. न्हाय का गं, उजू?"
मी हे कुणाला सांगितलेलं नाही. पल्लवीलाही नाही.
"हो," म्हटलं.
"हिनंच दाखवला मला," ताई बायकांना म्हणाली. माझ्याकडे बघून हसली.

१९ जून.
सकाळी भाकरी वाढून दिली. "जेव," एवढंच बोलली. आता पलीकडे तांदूळ निवडतेय, डोळ्यांजवळ ताट धरून.
"तुला दिसला होता का?" विचारलं तर ती विचारेल, "मग तू नाही असं का म्हणालीस?"
अजून विचारलं नाही. तिनेही.