मोठ्या पंपाचं पाणी

कडेगाव, मंगळवार, दिवेलागण

ह्यांचा केशरी मासा आज गेला.

पलटणीत आसताना ह्यांनी अंदमानच्या समुद्रातलं रंगीत मासं बघितलं. रिटायर झाल्यावर घरात खाऱ्या पाण्याची टाकी हौसेनं मांडली. आता झटक्यानं अर्धं अंग गेलंय, वाचा गेलीय. दिवसभर पडून त्या माशामागं डोळं फिरवायचं, एवढंच उरलं हुतं.

टाकीत पाणी फिरवणारा पंप घरघर करून मंदावला, म्हणून परवा शहरात, विश्रामबागंतल्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, आत खार बसला आसंल. आधी व्हिनेगरात भिजवून बघा. न्हाईतर असलाच बारका न्या."

मी कुठली ऐकतीय! उसाला पाणी पाजत जल्म गेला. मोटर घ्यायची तर दमदार, एवढंच मला ठावं. म्हटलं, "आवं, मोठाच द्या."

काल लावला. पाणी नुसतं उसळलं. मासा कोपऱ्यात काचेला चिकटला, शेपूट मारून मारून दमला. वाटलं, हुईल सवय. हे डोळं फाडून माझ्याकडं बघत हुते. मी खेकसले, "काय पायजे? पाणी देऊ?" कसं कळलं न्हाई मला? माझ्याकडं बघायचे, मग त्या कोपऱ्याकडं.

सकाळी मासा तळाला पडलेला.

मग जुना पंप व्हिनेगरात टाकला. खार सुटला, टाकीत परत लावला तर गुमान फिराय लागला. पण आता कुणासाठी? तिन्हीसांजेला बटण बंद कराय गेले, तर ह्यांनी चांगल्या हातानं माझा पदर धरला. नजर त्याच कोपऱ्यात.

ऱ्हाऊ दिलाय चालू.