डबीच्या मागची बारीक अक्षरं

शनिवार, १४ मार्च

चि. टिटवीस,

मामाचे आशीर्वाद, आणि आशीर्वादांच्या खालोखाल मामाची चिडचिड. दोन्ही पोटभर घे. मी बरा आहे. मामीचा गुडघा कुरकुरतो, पण मामीपेक्षा कमी. दुकान चालू आहे. तुझं पार्सल मिळून आज बारा दिवस झाले. उशीर का झाला ते पुढे येईलच.

आधी माझं गाऱ्हाणं ऐक. पहिल्यांदा तू फोटो पाठवलेस. एकात तुझा अंगठा, दुसऱ्यात खिडकीचा उजेड, तिसऱ्यात डबी उलटी. सोबत हुकूम: ‘मामा, दोन्ही क्रीममधले घटक बघ आणि फक्त सांग कुठली चांगली. भाषण नको.’ मी फोन केला तर दुसऱ्या मिनिटाला तुझी मीटिंग. म्हटलं, बाई, डब्याच पाठव. त्या आल्या, निळी आणि पांढरी; पांढरीची दुसरी डबी तू वापरायला ठेवलीस. परवाच्या बुधवारी मी तुला कळवलं की पांढरी डबी घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, तर तू एक हसणारं तोंड पाठवलंस आणि पुढे लिहिलंस, ‘कारण?’

कारण तेवढ्यात मावत नाही, म्हणून हा कागद. इथे मला मध्येच कुणी तोडू शकत नाही.

तू मोजणीच्या कार्यालयात काम करतेस. लोकांच्या जमिनी इंचाइंचाने मोजतेस, कुंपण वीतभर सरकलं तर नकाशा परत पाठवतेस. आणि जे स्वतःच्या तोंडाला फासायचं, त्याच्या मागचं वाचायला तुला मामा लागतो. वाचलंस तेही कसं, तर निळ्या डबीवरच्या तीन नावांखाली लाल रेघ आणि बाजूला ‘केमिकल???’ तीन प्रश्नचिन्हं. एकतीस वर्षं मी औषधांच्या दुकानात उभा आहे. या शब्दाने माझ्या डोक्याला जेवढा ताप दिला तेवढा उधारीवाल्यांनीसुद्धा दिला नसेल.

तर निळी डबी, दुकानातून घेतलेली. मागे सव्वीस नावं. ही नावं जास्त असलेल्यापासून कमी असलेल्याकडे लिहिलेली असतात. पहिलं पाणी, दुसरं ग्लिसरीन. म्हणजे अर्ध्याहून जास्त डबी इथेच भरली. पाचव्या नावात ‘अल्कोहोल’ दिसल्याबरोबर तू दचकलीस. अगं, ते मेणासारखं घट्ट असतं. क्रीम गुळगुळीत लागावी म्हणून घालतात, त्याने गाल कोरडा पडत नाही. दुसरी लाल रेघ ज्याच्याखाली आहे ते साधं जीवनसत्त्व आहे. तिसरी ज्याच्याखाली आहे, त्याच्यामुळे डबीत बुरशी धरत नाही. ज्या फुलाचं चित्र झाकणभर छापलंय ते बाविसाव्या नंबरावर आहे, टक्क्याचाही अंश नसेल. ते फूल नुसतं डबीजवळून गेलं असतं तरी चाललं असतं. एकूण साधी क्रीम. चमत्कार नाही, अपाय नाही. तुला ती आवडली नाही, कारण आठ दिवसांत काही झालं नाही. चांगल्या क्रीमने आठ दिवसांत काही होत नसतंच.

आता पांढरी. तुझ्या कार्यालयाच्या तळमजल्यावरच्या पार्लरवालीने ‘घरी, स्वतःच्या हाताने’ बनवलेली. छापील काही नाही, चिकटवलेल्या कागदावर पेनाने पाच नावं: बदाम तेल, कोरफड, मध, गुलाबपाणी, जीवनसत्त्व ई. इथे तू हिरव्या शाईने बरोबरची खूण करून ‘शुद्ध’ लिहिलंस. सव्वीसपेक्षा पाच कमी, म्हणून पाच चांगली. हे गणित तू जमिनीला लावलंस तर उद्या नोकरी जाईल.

मी ते पाच पदार्थ आणले. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मामीच्या वाटीत घुसळले. मामी दारात उभी राहून म्हणाली, ‘हे काय नवीन?’ म्हटलं, ‘भाचीचं सौंदर्य.’ अर्ध्या तासात तेल वर आणि पाणी खाली. परत घुसळलं, परत तेच. तिसऱ्यांदा मामीने वाटी काढून घेतली. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं काहीतरी लागतं, आणि पाच नावांत ते कुठेच नाही. तुझी डबी तर दोन महिने टेबलाच्या खणात पडून होती म्हणतेस. तरी आतली क्रीम लोण्यासारखी एकजीव, ना वास बदललेला, ना बुरशी. म्हणजे त्या कागदावर जे लिहिलंय त्याखेरीज आत बरंच काही आहे.

पण खरं सांगायचं तर ती क्रीम मी तपासायला दिली ती तू पार्सलमध्ये टाकलेल्या चिठ्ठीमुळे. ‘आठ दिवसांत डाग गेले, सगळे विचारतात काय लावतेस. दोन दिवस विसरले तर जरा आग होते, लावलं की थांबते. गालावर बारीक लव आलीय, ती काढून टाकते.’ आणि खाली, ‘आईसारखा चेहरा व्हायच्या आत मला काळजी घ्यायचीय. तिची ॲलर्जी माझ्यात उतरली असेल तर?’

ही शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. तिच्याकडे येतो. जरा धीर धर.

माझा एक जुना वर्गमित्र कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याच्या प्रयोगशाळेत मी थोडी क्रीम दिली. त्याला परीक्षांचे पेपर तपासायचे होते, म्हणून हा उशीर. बुधवारी उत्तर आलं. आत स्टेरॉइड आहे, तेही जोरकस, आणि जोडीला रंग उडवणारं एक औषध. दोन्ही डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय विकायची नाहीत. स्टेरॉइड वाईट नसतं. पुरळाला, खाजेला, थोडे दिवस, बेताने लावलं तर गुणी औषध आहे. तोंडाला रोज लावलं की आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होत जाते, मग त्याच्याशिवाय राहवत नाही. तुझी ती ‘जरा आग’ हे त्याचंच मागणं आहे, आणि गालावरची लवही त्याचीच.

घे, झाली तुलना. हवी तशी, भाषणाशिवाय. इथे सही करून पाकीट बंद करायला हवं होतं. बुधवारी रात्री मी तसं केलंही होतं.

मग त्या पार्लरवालीला दोन पानं लिहायला घेतली. तुझ्याकडून तिचा पत्ता मागणार होतो. काय काय लिहिलं होतं. लाज नाही वाटत का, पोरी विश्वासाने येतात, तोंड उजळलं की कौतुक करता, आणि आत काय आहे ते माहीत असून डबी पुढे सरकवता. एवढं लिहिलं आणि हात थांबला. वाक्य माझंच होतं. म्हणजे माझ्याबद्दल होतं.

टिटवे, तुझ्या आईला ॲलर्जी नाही. कधीच नव्हती.

तू पाच वर्षांची असशील. तिच्या कोपरावर पुरळ उठलं होतं. डॉक्टरांनी एक नळी लिहून दिली: दोन आठवडे, फक्त कोपराला. नळी माझ्याच दुकानातून गेली. महिन्याभराने ती आली, काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, ‘दादा, बघ माझ्याकडे. काही दिसतंय?’ तू झाल्यावर तिच्या गालांवर जे काळे डाग आले होते ते गेले होते. ‘उरलेली नळी तोंडाला लावली रे. देतोस अजून एक?’ मी काय बोलायला हवं होतं ते खोक्याच्या मागे छापलेलं होतं. चेहऱ्यावर लावू नये. मी म्हणालो, ‘पाच वर्षांनी लहान दिसतेस.’ आणि कपाटातून दुसरी नळी काढली.

तेव्हा तिला नुकतीच त्या मोठ्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर नोकरी लागली होती. दिवसभर लोकांसमोर बसायचं. ती खूश होती. ती खूश असलेली मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

मग दर महिन्याला रिकामी नळी यायची. बहुतेक तुझे बाबा कामावरून परतताना आणायचे. मी रिकामी ठेवून घ्यायचो आणि भरलेली कागदात गुंडाळून द्यायचो. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या खणात होती, घड्यांवर विरलेली, तारीख कधीच उलटलेली. परक्या गिऱ्हाइकाने असली चिठ्ठी पुढे केली असती तर मी त्याला पायरी उतरवली असती. बहिणीची चिठ्ठी मी सहा वर्षं जपून ठेवली.

मला माहीत नव्हतं असं लिहायचा मोह झाला. तसा एक कागद लिहून फाडला. मला माहीत होतं. तिच्या गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या तेव्हाही माहीत होतं. तिला नाही म्हणणं माझ्या जिवावर यायचं, आणि ती हसत दुकानात यायची ते मला आवडायचं. कारण एवढंच आहे. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

पुढे मामीचं ऑपरेशन झालं आणि मी बारा दिवस दुकान बंद ठेवलं. आईची नळी त्याच आठवड्यात संपली. माझ्या गडबडीत तिने मला विचारलंच नाही. तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. शाळेच्या नाटकात तुझं काम होतं आणि आई आली नाही म्हणून तू तिच्याशी तीन दिवस बोलली नाहीस. ती पडदे ओढून खोलीत बसली होती. नळी एकदम बंद झाल्याने चेहरा इतका सुजला होता की डोळे उघडत नव्हते. सूज उतरली, पण लाली आणि पातळ कातडी कायमची राहिली. नोकरी तिने सोडली. तुला सांगितलं कंटाळा आला. लोकांना सांगितलं ॲलर्जी. ऊन सोसत नाही, चुलीजवळ उभं राहवत नाही, फोटोत ती मागच्या रांगेत असते. या कशाचंही कारण तिने कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडे येते, चहा पिते, मामीशी बोलते. मी पंधरा वर्षं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलेलं नाही.

गुरुवारी दुपारी मी तिला फोन केला. तिला विचारल्याशिवाय तुला हे सांगायचा मला हक्क नव्हता. म्हटलं, पोरीच्या क्रीममध्ये तेच आहे.

‘किती दिवस लावतेय?’

‘दोन महिने.’

‘मग सावरेल,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘सांगून टाक तिला सगळं.’

‘सगळं म्हणजे माझंही?’

‘तुझंच सांग. माझं तिला रोज दिसतं.’

मी विचारलं, ‘इतकी वर्षं तू माझं नाव का घेतलं नाहीस?’

‘तुझ्यासाठी नाही हं, दादा. तिला एकच मामा आहे.’ आणि तिने फोन ठेवला.

तर आता ऐक, आणि इथे मात्र हसणारं तोंड पाठवू नकोस. तुझ्या कार्यालयापासून चार थांब्यांवर त्वचेच्या डॉक्टर आहेत. येत्या बुधवारी सव्वापाचची तुझी वेळ मी घेऊन ठेवली आहे. पांढरी डबी आणि प्रयोगशाळेचा कागद सोबत घालतोय, दोन्ही त्यांना दाखव. त्यांच्यासमोर लव, आग, सगळं सांग. आपल्या मनाने एकदम बंद करू नकोस आणि आपल्या मनाने एक बोटही जास्त लावू नकोस. कशी सोडायची ते त्या ठरवतील. मध्ये काही आठवडे वाईट जातील. चेहरा लाल होईल, चुरचुरेल, पूर्वीपेक्षा वाईट दिसतोय असं वाटेल, आणि पार्लरवाली म्हणेल लाव परत. तेव्हा कुणाला तरी फोन कर. मला करायची इच्छा नसेल तर आईला कर. त्या आठवड्यांबद्दल तिच्याइतकं कुणालाच कळत नाही. मीटिंग सोडून ती फोन उचलेल, कारण तिला मीटिंगच नाहीत. त्यालाही मीच कारणीभूत आहे.

तुझी कातडी अजून तिच्यासारखी झालेली नाही, आणि तिला मिळाला तसा भाऊ तुला मामा म्हणून मिळू नये, म्हणून हे लिहिलं. उत्तराची घाई नाही. मी फोन करणार नाही, दुकानात असेन.

तुझ्या आईला सहा वर्षं ती नळी देणारा,
आणि तू अजून म्हणू दिलंस तर,
तुझा मामा