सात नंबरच्या हाताची करंगळी

४ ऑगस्ट
लेआंग कालुकू गुहा, सात नंबरचा हात. डावा, लाल, लहान. करंगळीखालचा पापुद्रा भिंतीपासून १.२ मिलिमीटर सुटला आहे, जूनमध्ये ०.८ होता. भिंतीवर हजारो वर्षांपूर्वी रंगवलेले एकूण तेवीस हात आहेत, तेव्हा एकाबद्दल विशेष काही वाटण्याचं कारण नाही. नोंद म्हणून लिहिते: वाटत नाही.

कारणं तीन असू शकतात. खडकातले क्षार, कोरडा हंगाम, माणसं. पहिल्या दोहोंवर उपाय नाही. म्हणून कारण माणसं.

किती लोक येतात, असं दाएंग तोम्पोंना विचारलं. ते सव्वीस वर्षं या गुहेचे राखणदार आहेत. म्हणाले, "आठवड्याला दोन. त्यातल्या एक तुम्ही."

६ ऑगस्ट
लोखंडी दार लावायचं. आराखडा चाळीस मिनिटांत झाला. आमचे साहेब पाक रुस्लान यांनी लगेच मंजूर केला. पापुद्रा चिकटवण्याची परवानगी मी फेब्रुवारीत मागितली आहे, ती अजून नाही. त्याला वरची सही लागते, दाराला त्यांची पुरते. हरकत नाही. दार लागलं की चिकटवायची गरजच पडणार नाही.

१३ ऑगस्ट
दार बसलं. दोन खांब, भिंतीला कुठेही स्पर्श नाही. येणाऱ्यांची मोजणी करणारं यंत्र आणि आत एक कॅमेरा बसवला. किल्ली एकच, माझ्याकडे.

दाएंग तोम्पोंनी विचारलं, हात कधी लावायचे? खांब उभे राहिले, दार लागलं, म्हणजे घर झालं; तांदळाच्या पिठात हात बुडवून खांबांवर ठसे उमटवल्याशिवाय घर तसंच कसं ठेवायचं? आईच्या घरी खांबांवर असे ठसे आहेत, पण ते घर आहे. ही संरक्षक रचना आहे, हे त्यांना आराखडा दाखवून समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, रविवार चालेल की सतरा तारखेची, आपल्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी?

परवानगी दिली. दहा माणसं, अर्धा तास, फक्त बाहेर. सूत्रं माझ्या हातात आहेत.

१७ ऑगस्ट
त्रेचाळीस माणसं. स्वातंत्र्यदिनाच्या पोत्यांच्या शर्यती संपवून सगळे थेट इकडे. धूप, मेणबत्त्या, चिकट भाताची मोठी पातेली. बाहेर ऊन म्हणून पातेली आत ठेवली. दार मीच उघडलं, म्हणजे प्रवेश नियंत्रितच होता.

पहिला हात घरमालकिणीचा, असं ठरलं. दाएंग तोम्पोंच्या बायकोने, दाएंग बाउंनी, पिठाचं वाडगं पुढे केलं. मी हातमोजा घातला. ठसा त्यांनी बराच वेळ पाहिला. "रेषाच नाहीत गं पोरी. कुणाचं घर म्हणायचं हे?" सगळे हसले. मीही हसले असते, पण मोजमाप बाकी होतं.

१.३. उपकरणाची चूक ०.१ धरता, बदल शून्य.

२६ ऑगस्ट
आठवड्यात २१२ माणसं. यंत्र बिघडलं असं वाटलं. तपासलं, ठीक आहे.

शेजारच्या गावचे एक मास्तर पोरंबाळं घेऊन आले होते. आताच का, असं विचारलं. म्हणाले, "इतकी वर्षं उघडीच होती, म्हटलं काही नसेल आत. आता कुलूप लागलंय."

वाचन १.५. "आत पाहण्यासारखं काही नाही" असा फलक लावला. उपाय साधा आहे आणि परिणामकारक ठरेल.

२९ ऑगस्ट
एका जोडप्याने लग्नाचे फोटो फलकापाशी काढले.

२ सप्टेंबर
दार काढण्याचा अर्ज घेऊन पाक रुस्लानांकडे गेले. त्यांनी अभिनंदन केलं. दार लावायला तरतूद असते, काढायला नसते, म्हणाले. आणखी चार गुहांना अशीच दारं बसवायची आहेत. ते काम मी बघावं.

परत आल्यावर दाएंग तोम्पोंना सांगितलं. ते म्हणाले, "काढलंत तर लोक म्हणतील आतलं कुणी नेलं. मग काय नेलं ते बघायला येतील."

मी हिशेब करत होते. १.८.

९ सप्टेंबर
दाएंग तोम्पो म्हणाले, आत गांधीलमाश्यांनी पोळं केलंय असं रस्त्यावर बसून सांगतो. खोटी माहिती पसरवणं मला मान्य नाही, असं स्पष्ट सांगितलं. मग पोळी दोन सांगता येतील का, असं मीच विचारलं.

१२ सप्टेंबर
यंत्रावर शून्य. योजना यशस्वी. श्वासात ओल असते म्हणून मीही आत गेले नाही. दिवसभर बाहेर बसलो. दाएंग बाउंनी केळीच्या पानात उकडलेलं केळ्याचं गोड बारोंगको पाठवलं होतं. खाताना दाएंग तोम्पोंनी विचारलं, तेविसांतला सातच का? सर्वाधिक झीज, असं सांगितलं. "बरं," ते म्हणाले. "तुमच्या हाताएवढाच दिसतो, म्हणून विचारलं."

मी कधी ताडून पाहिलं नाही. त्यासाठी हात भिंतीजवळ न्यावा लागतो आणि ते नियमात बसत नाही.

१३ सप्टेंबर, सकाळी ७.४०
पापुद्रा खाली पडला आहे. चार तुकडे, बाकी भुकटी. कॅमेऱ्यात वेळ सापडली: काल दुपारी ३.१२. वारा नाही, तापमान स्थिर. आत कोणी नव्हतं. आम्ही बाहेर खात होतो. दाएंग तोम्पो म्हणाले, काही ऐकूसुद्धा आलं नाही.

तुकडे डबीत ठेवले, चिठ्ठी लावली. नोंदवहीत लिहिलं: हात सात, बोटं चार. 'कारण' या रकान्यापाशी वीस मिनिटं गेली. रकाना रिकामा ठेवला.

आठ नंबरच्या हाताच्या अंगठ्यापाशी ०.४.