माग थांबले तेव्हा

मंगळवार, सायंकाळ. भेस्तान.

शेजारचे यंत्रमाग चालू असले की टेबल थरथरते आणि त्यावरच्या चतुर किड्याचा डोळा छायाचित्रात धूसर येतो. आज ते अचानक थांबले. कॅमेरा केसभर पुढे सरकवत एकेक छायाचित्र घेऊ लागलो. सगळी जोडली तरच अख्खा डोळा सुस्पष्ट होतो.

मध्येच शेजारच्या रखमाबाई दारात आल्या. "भाऊ, आमचे नाना गेले. माग त्यांच्यासाठीच बंद केलेत. तोंड बघायला चला, लगेच नेणारेत."

"येतो," म्हणालो. पण उठलो असतो तर मालिका तुटली असती. अशी स्थिरता पुन्हा केव्हा?

डोळा निर्दोष उमटला. हे नाकारणार नाही. निर्दोषच.

पोहोचलो तेव्हा नानांच्या जागी पिठावर दिवा तेवत होता. रखमाबाई म्हणाल्या, "फोटो झाला का, भाऊ?"

मी हो म्हणालो.