फोटोवाल्याचा आतला फोटो

प्रिय बारक्या,

जन्मभर लोकांना हलू नका म्हणून दरडावणारा तुझा दादा परवा स्वतःच एका यंत्रात आडवा पडला होता. हसू नकोस. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं तुला फोनवर सांगितलंच होतं; तो जागच्या जागी बसलाय की गावभर फिरायला निघालाय, हे बघायचं होतं. सुईतून थोडं किरणोत्सारी औषध देतात. ते अंगभर फिरतं आणि हा रोग जिथे दडला असेल तिथे चिकटून चमकतं. आपण स्टुडिओत दिवे बाहेर लावायचो, इथे दिवा गिऱ्हाइकाच्या पोटातच!

फोटो म्हटल्यावर मी इस्त्रीचा सदरा घातला, भांग पाडला. तुझ्या वहिनीने कपाळाला हात लावला. तिथे गेल्यावर तो सदरा काढून मागून उघडा झगा चढवायला लावला. औषध दिल्यावर मशीनवाल्या मुलीने भरपूर पाणी प्यायला सांगितलं. पुढेही ती काही बोलली, पण मी कशाला ऐकतोय! सोनोग्राफीच्या वेळी लघवी दाबून धरायची असते, एवढं मला ठाऊक होतं ना. तासभर पाय आवळून बसलो. जाऊन या, जाऊन या, असं वहिनी सांगत होती, तर मी तिलाच अडाणी ठरवलं.

इथे नेमकं उलटं असतं. औषध लघवीतही उतरतं, म्हणून आधी मोकळं होऊन यायचं. पडद्यावर माझं मूत्राशय भर दुपारच्या उन्हासारखं तळपत होतं आणि त्या झगमगाटात शेजारचं काही दिसेना. माणसामागे उजेड असला की चेहरा काळा येतो, हे शिकवणारा मी! धावत जाऊन आलो, मग तेवढा भाग पुन्हा काढला. वहिनी घरापर्यंत हसत होती. घरी आल्यावर मात्र न्हाणीघरात जाऊन रडली. मीही दाराबाहेर उभा राहून रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं.

आज रिपोर्ट आला. पसरलेला नाही. वेळेत सापडला, उपचार होतील, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, भाऊ आहे का? एकाला असला की दुसऱ्यालाही धोका जास्त असतो म्हणे. तू रात्री लघवीला चार-चारदा उठतोस, हे तुझ्या बायकोने वहिनीला सांगितलंय. तिच्यावर डाफरू नकोस. वयामुळे होतं, असं मीही म्हणायचो. सुरुवातीला साधी रक्ततपासणी असते. तू सुईला घाबरतोस, म्हणून सोमवारी सकाळी मी येतोय, हात धरायला. पळालास तर शोधून काढीन. मला दादा म्हणणारं आता तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही रे.

तुझाच,
दादा