देवघरातल्या संगमरवराचं औषधपाणी

आमगाव, गुरुवार

चि. सौ. सुमित्रास,

ताईचे आशीर्वाद. दाढ काढलीस का? नसशील तर आधी काढ, मग हे वाच. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून लिहिते आहे. भंडाऱ्याच्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तर, देवघराची फरशी वाचली. घर बांधताना तुझे भाऊजी टाइल म्हणत होते, मी संगमरवर म्हटलं, आणि संगमरवरच बसला. तेव्हापासून बावीस वर्षं हा माणूस त्या दगडाच्या वाईटावर आहे. गेल्या आठवड्यात देवांसमोर चार-पाच फिकट, खरखरीत डाग दिसले. समईखाली तेलाचा पिवळा गोल तर होताच. हे तडक सुखराम मिस्त्रीकडे गेले आणि सोमवारी टाइल बसवायला ये म्हणून सांगून आले. (जाताना शीळ घालत होते. लग्नापासून पहिल्यांदा ऐकली.) माझ्या हातात चार दिवस होते, आणि दगड गेला असता तर माझा बावीस वर्षांचा शब्दही गेला असता.

आधी तपास केला. असे डाग आंबटाचे, हे बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या बाईला कोणी सांगावं लागत नाही. संगमरवर म्हणजे चुन्याचाच भाऊ. आंबट पडलं की दगडच झिजतो, मग कितीही पुसा. टीनाला, म्हणजे सूनबाईंना, समोर उभं करून लिंबाचा हिशेब विचारला. ती शपथा घेऊ लागली, तरी मी पाऊण तास समजावलं. (तिने दोनदा जांभई दिली, तीही मी पाहिली.) भांडी घासायला येणारी बायजाबाई दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "बाई, तिले कायले इचारता? तुमीच त इथं बसून देवाइले चिचेनं घासून राह्यल्या होत्या."

पितळेचे देव चिंचेने मीच घासले होते, हे आठवलं आणि माझं समजावणं तिथेच थांबलं. (मुलाने येऊन, आई, बरं नाही का, असं विचारलं.) मग टीनाला म्हटलं, तुझी चूक नाही, जा. ही माझी माफी होती. तिला कळली असावी, कारण थोड्या वेळाने न सांगता चहा आला.

नंतर उपचार. तेलाच्या डागावर खाण्याच्या सोड्याचा दाट लेप थापला, वर प्लास्टिक घालून कडा चिकटवल्या आणि दोन दिवस हात लावू दिला नाही. हे डोकावून म्हणाले, "काऊन, फरशीले ताप आला का?" मी प्लास्टिकच्या कडा आणखी दाबल्या. लेप काढला तर तेल सगळं सोड्याने ओढलेलं! आंबटाच्या डागांना मात्र लेप चालत नाही. तिथे पाणी मारून बारीक पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिशची पावडर आणि जुन्या ब्लँकेटचा ओला तुकडा. टीना आणि मी आळीपाळीने घासत होतो. सोमवारी सकाळी त्या दगडात गणपतीची सोंड दिसली, सुमित्रा! सुखराम आला, उकिडवा बसला, तळहात फिरवला आणि म्हणाला, "भाऊजी, याच्यावर टाइल कायले? लोक मलेच येडा म्हणतीन." हे "हं" म्हणाले. बावीस वर्षांनी "हं"! त्या दिवशी मी स्वतःसाठी शिरा केला.

तुझी,
शकुंतलाताई

ता. क. घासलेली जागा इतकी चमकते की भोवतीची सगळी फरशी आता न धुतल्यासारखी दिसते. ती घासायला घेतली आहे. दिवसाला हातभर जागा होते. टीना माहेरी गेली आहे. तू पंधरा दिवसांसाठी ये. साड्या जुन्याच आण.

आणखी एक. हे रोज देवघराच्या दारात खुर्ची टाकून, चहा पीत, माझं घासणं पाहत बसतात. एक शब्द बोलत नाहीत. तेच मला सहन होत नाही. उद्याच्याच गाडीने ये.