हिंगाच्या डब्यातली पळी

चिंचवड,
ता. १२ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप आबांच्या चरणी सुमनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सारी खुशाल आहेत. यांची पिंपरीच्या औषध-कारखान्यातली नोकरी पक्की झाली. रात्रपाळी असली की दिवसा घरात कुणी भांडं वाजवायचं नाही, एवढाच त्रास. परवा जेवताना मला सांगत होते, विजेच्या मोठ्या बटणांच्या आत चांदीचे ठिपके असतात, कारण वीज चांदीतून सगळ्यांत सहज धावते. मी म्हटलं, हुपरीच्या कारागिराच्या मुलीला तुम्ही चांदी शिकवता होय.

पण आबा, चांदीवरूनच घोळ झालाय. कारखान्यामुळे गावात अनोळखी माणसं वाढली आणि चोऱ्यांची बोलवा उठली. सासूबाईंनी पूजेच्या पळ्या आणि माझा करंडा हिंगाच्या डब्यात दडवला. हिंगाला चोर हात लावत नाही, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीला डबा उघडला, तर तुम्ही लग्नात दिलेली पळी आणि करंडा तव्यासारखे काळे! शेजारीच ठेवलेली सासूबाईंच्या माहेरची पळी मात्र होती तशी पांढरी. मला त्या काही बोलल्या नाहीत, पण शेजारच्या सुभद्राबाईंना म्हणाल्या की व्याह्यांनी खोटी चांदी दिली, अशा घरातून दुसरी मुलगी आणायची नाही. ज्योतीरामभाऊजी आणि आपल्या गोदीच्या लग्नाची बोलणी तिथंच थांबली. भाऊजी तोंड पाडून फिरतात. मला तर रडूच येतं.

तुमचं पत्र इथं सोप्यात सगळ्यांसमोर वाचलं जातं, तेव्हा जपून लिहा.

तुमची लाडकी आणि सध्या रडकी,
सुमन


हुपरी,
ता. २० नोव्हेंबर १९५६

चि. सौ. सुमन हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोटभर हसलो. हिंगाच्या डब्यात चांदी ठेवणाऱ्या विहीणबाईंपुढे चोरांनीही हात टेकले असतील.

मग नीट विचार केला. विहीणबाईंचं म्हणणं बरोबर आहे. नुसती चांदी मऊ असते, पळीचा दांडा हातात वाकतो, म्हणून थोडं तांबं मिसळावं लागतं. तुझ्या लग्नाच्या घाईत माझ्या हातून ते जास्त पडलं असणार, आणि तांबं जास्त झालं की चांदी लवकर काळवंडते. दोष माझा आहे. दोन्ही वस्तू परत पाठव, नव्या घडवून देतो. विहीणबाईंच्या वडिलांनी दिलेली पळी जुन्या काळची, तिची सर आताच्या मालाला कुठून यायची? ती देवापुढेच असू दे. ती कुणाला उजळायला देऊ नका आणि कुणाकडे तपासायलाही नेऊ नका. वडिलांच्या हातची वस्तू आहे.

गोदीबद्दल विहीणबाई ठरवतील ते मला मान्य. ती हल्ली जेवत नाही म्हणून तुझी आई तिच्यावर चिडते, आणि मग दोघी मिळून माझ्यावर. घरातल्या मोठ्यांना नमस्कार सांग. जावईबापूंना सांग, वीज मला कळत नाही, पण तिची निवड चांगली आहे.

तुझा,
आबा


चिंचवड,
ता. ६ डिसेंबर १९५६

श्री. रा. रा. दौलतराव व्याही यांसी रुक्मिणीबाईचा कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्या हातचं आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, पण मुलांकडून लिहवून घेण्यासारखा मजकूर नाही.

तुम्ही तपासू नका म्हणालात, म्हणूनच मी गेले. माझा स्वभाव सुमनला विचारा. दोन्ही पळ्या आणि करंडा घेऊन पुण्याला रविवार पेठेत एका सोनाराकडे गेले. तुमचा माल खोटा ठरवून यायचं, असंच मनात होतं. सोनार म्हणाला, काळ्या वस्तू नंबरी चांदीच्या आहेत. हिंगात गंधकाचा अंश असतो, त्यानं खरी चांदी काळी पडायचीच. खायचा सोडा लावून त्यानं माझ्यासमोर करंडा लख्ख करून दाखवला. मग पांढरी पळी हातात घेऊन म्हणाला की ही जर्मन सिल्व्हर, हिच्यात चांदीचा कणही नाही.

येताना मोटारीत बसून मला एकदम उलगडलं. सोनाराला जे हातात घेऊन कळलं, ते तुम्हांला पत्र वाचूनच कळलं होतं.

माझे वडील पवनमावळात दुसऱ्यांच्या म्हशी राखायचे. त्यांना कुणी फसवलं की त्यांना सारं ठाऊक होतं, ते आता कुणाला विचारू? ठाऊक असलं तरी मला त्यांचा राग नाही. लेकीला रिकाम्या हातानं सासरी पाठवणं त्यांच्या जिवावर आलं असेल. पण तुम्ही त्यांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. तुमच्या मुलीचं लग्न मोडत होतं, आणि तरी तुम्ही स्वतःच्या हाताला बट्टा लावून माझ्या बापाची अब्रू राखलीत. हे घरात कुणाला कळायला नको होतं, म्हणून एकटीनं लिहायला बसले आणि एकटीच रडले.

सुभद्राबाईंना जाऊन सांगून आले की व्याह्यांची चांदी सोळा आणे खरी आहे, हिंगानं घात केला. वडिलांच्या पळीचं कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, सुमनलासुद्धा. मार्गशीर्ष सरायच्या आत ज्योतीरामाला घेऊन गोदीला मागणी घालायला येते. मुलीला जेवायला सांगा.

आजवर तुमचा लोभ या घरातल्या एका लेकीपुरता होता, तो आता दोघींना पुरेल एवढा करावा.

आपली,
रुक्मिणीबाई